एका अंशाची ज्या

आपल्या जलशांतून मुस्लिम शास्त्रज्ञांची नावे मोठ्या अभिमानाने घेतली जातात. नावांपुढे मात्र गाडी सरकत नाही. त्यांनी नेमके केले काय, असे एखाद्या पोराने विचारले तर वक्ते घड्याळाकडे पाहतात. म्हणून एकाच माणसाचे एकच काम आम्ही येथे उलगडून पाहतो.

समरकंदला तैमूरचा नातू उलुगबेग याने मदरसा आणि वेधशाळा उभारली. तेथे काशानचा गियासुद्दीन जमशेद अल-काशी आला. ग्रहताऱ्यांच्या कोष्टकांसाठी एका अंशाची ज्या, म्हणजे साइन, अचूक हवी होती. हा ‘ज्या’ शब्दही प्रवासीच. आर्यभटाच्या परंपरेतली ‘जीवा’ अरबीत ‘जीब’ झाली, वाचणाऱ्यांनी ती ‘जैब’ म्हणून वाचली, आणि बाराव्या शतकात लॅटिनमध्ये तिचे ‘सायनस’ झाले. धनुष्याची दोरी अशी कपड्याच्या घडीत शिरली!

७२ आणि ६० अंशांच्या ज्यांवरून १२ अंश, मग निम्मे करत ६ आणि ३ अंश मिळतात. पुढे वाट बंद. ३ अंशांचे तीन समान भाग पट्टी-कंपासने होतच नाहीत. हे १८३७ मध्ये वान्त्झेलच्या सिद्धतेतून कळले.

अल-काशीने समीकरण मांडले. एका अंशाची ज्या ‘क्ष’ मानली तर ३क्ष उणे ४क्षचा घन ही ३ अंशांची ज्या, म्हणजे ०.०५२३३६०. आता या समीकरणाच्या उकली किती? आमच्या वर्गात साइन बरोबर अर्धा म्हटले की ‘तीस अंश’ असा एकच सूर उठतो. १५० कुणाला आठवत नाही, ३६० मिळवत जाणे तर दूरच. इथेही तसेच आहे. ज्या ३ अंशांची, तीच १७७ अंशांची. दोन्हींत ३६० च्या पटी मिळवून तीनाने भागा, म्हणजे १, १२१, २४१ आणि ५९, १७९, २९९ असे सहा कोन येतात. त्यांच्या ज्या मात्र तीनच: १ अंशाची, ५९ अंशांची आणि ६१ अंशांची ऋण.

त्यातली पहिली पकडायची कशी? अल-काशीने ३ अंशांच्या ज्येत ४क्षचा घन मिळवून तीनाने भागले, आलेली किंमत पुन्हा क्षच्या जागी घातली. आधी घन सोडून दिला तर ०.०१७४४५३ येते. एकदा फिरवल्यावर लगेच ०.०१७४५२४. ५९ अंशांच्या ज्येजवळून सुरुवात करून पाहा, आकडे तिथून दूर पळतात. म्हणजे हवी ती उकल ही रीतच निवडून देते. कॅल्क्युलेटर नसताना, साठाच्या पद्धतीत, त्याने दशांशाच्या सोळा स्थळांपर्यंत खरी ठरणारी किंमत काढली.

१४२९ मध्ये समरकंदलाच त्याचे निधन झाले. उलुगबेगची कोष्टके १४३७ ची. १४४९ मध्ये उलुगबेगला त्याच्याच मुलाने मारवले आणि वेधशाळा ओस पडली. कोष्टके मात्र दूरवर गेली. जयपूरच्या सवाई जयसिंगाने आपल्या वेधांसाठी ती समोर ठेवली आणि स्वतःच्या कोष्टकांना ‘झीजे मुहम्मदशाही’ असे फारसी नाव दिले.