सिंहस्थाचा गुरू आणि गच्चीवरची दुर्बीण



आज आपण नाशिकमध्ये बोलतोय, म्हणून सुरुवात गुरूपासून करू. आपल्याकडे मोठा काळ मोजायचा तो या ग्रहावर. आजीला विचारलं, "काकांचा जन्म कधीचा?" तर सन सांगण्याऐवजी ती "सिंहस्थाच्या आदल्या वर्षीचा" म्हणते. गुरू सिंह राशीत आला की गोदाकाठी आणि त्र्यंबकेश्वरी मेळा भरतो, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण तो गुरू आत्ता आकाशात कुठे आहे ते दाखवा म्हटलं, तर? आम्ही दुर्बीण घेऊन लोकांत जातो तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारतो. हात फार थोडे वर जातात.

पूर्वी असं नव्हतं. पाचव्या शतकाच्या अखेरीस आर्यभटाने लिहून ठेवलं की 43,20,000 वर्षांच्या महायुगात गुरूच्या 3,64,224 फेऱ्या होतात. भागाकार करून बघा: एका फेरीला सुमारे 11.86 वर्षं. आजचा आकडाही हाच आहे, आणि तेव्हा दुर्बीण नव्हती. फेरी बारा वर्षांपेक्षा जराशी लहान, म्हणून दर वेळी थोडी थोडी तूट साठत जाते. 1991, 2003, 2015 असे सिंहस्थ बारा-बारा वर्षांनी आले. पण त्यापुढचा 2026 मध्येच, म्हणजे अकराव्या वर्षी सुरू होतो. त्याचं कारण ही तूट.

आता दुर्बिणीकडे येऊ. जानेवारी 1610 मध्ये गॅलिलिओने इटलीत आपली दुर्बीण गुरूकडे वळवली. शेजारी बारीक ठिपके दिसले. रोज रात्री त्यांच्या जागा बदलत होत्या. आठवड्याभरात त्याची खात्री पटली की हे गुरूभोवती फिरणारे चार चंद्र आहेत. सगळं काही पृथ्वीभोवतीच फिरतं, या समजुतीला त्या चार ठिपक्यांनी धक्का दिला. त्याची दुर्बीण साधारण वीस पट मोठं दाखवणारी होती. आज शिकाऊ माणूस घेतो ती सत्तर मिलिमीटरची दुर्बीण तिच्यापेक्षा सरस असते.

मग आपल्याकडे काय झालं? 1651 मध्ये सुरतेत जेरेमाया शॅकर्ली या इंग्रजाने सूर्यबिंबावरून जाणारा बुध पाहिला. पण महाराष्ट्रातली मोठी गोष्ट पुण्याची. तिथल्या कॉलेज ऑफ सायन्समधले प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून आणि मुंबई सरकारच्या मदतीतून महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी केली. तिची वीस इंची दुर्बीण त्या काळी देशातली सर्वांत मोठी. 22 जानेवारी 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणाला नायगमवाला आपली उपकरणं घेऊन सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला गेले आणि त्यांनी निरीक्षणं छापूनही काढली.

1912 मध्ये ते निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद पडली. उपकरणं कोडाईकनालला गेली. दुर्बिणीत काही बिघाड नव्हता. तिच्यामागे उभं राहणारं माणूस उरलं नव्हतं. पुढे 1944 मध्ये पुण्यातच हौशी लोकांनी ज्योतिर्विद्या परिसंस्था काढली, ती आजही चालू आहे. एका माणसावर उभं असलेलं काम त्याच्याबरोबर थांबलं, चार जणांनी मिळून धरलेलं टिकलं.

हेच घरोघरी घडताना आम्ही पाहतो. हौसेने दुर्बीण येते, दोन रात्री काही दिसत नाही, आणि ती माळ्यावर जाते. ती तिथे जाऊ नये म्हणून थोडं सांगतो.

खोक्यावर "पाचशे पट" लिहिलेलं असेल तर विसरा. सत्तर मिलिमीटरच्या भिंगाला एकशेचाळीस पटींपलीकडे फायदा नाही. नळीचं नाभीय अंतर 700 मिलिमीटर असेल, तर 25 च्या नेत्रिकेने 28 पट आणि 10 च्या नेत्रिकेने 70 पट दिसतं. सुरुवात नेहमी 25 ने. वरची छोटी शोधक दुर्बीण दिवसाउजेडी जुळवून घ्या: पांडवलेणीच्या डोंगरावरचं एखादं झाड मोठ्या नळीत मधोमध आणा आणि शोधकाचे स्क्रू फिरवून तेच झाड तिथेही मधोमध आणा. हे न केल्यामुळेच बहुतेकांना रात्री काही सापडत नाही. सूर्याकडे मात्र दुर्बीण चुकूनही वळवू नका, डोळा कायमचा जातो.

दिवसभर तापलेली गच्ची रात्री गरम हवा सोडते आणि चित्र थरथरतं. म्हणून जमलं तर मोकळ्या मैदानात बसा आणि दुर्बीण अर्धा तास आधी बाहेर ठेवा. विषुववृत्तीय बैठक असेल तर तिचा अक्ष उत्तरेला धरून वीस अंशांवर लावा, कारण नाशिकचा अक्षांश वीस. ध्रुवतारा इथे तेवढाच वर दिसतो: हात लांब करून क्षितिजावर एकावर एक दोन मुठी ठेवा, त्यांच्या वर बघा.

आता सिंहस्थाचं. पंचांगाप्रमाणे यंदाच्या खेपेला गुरू सिंहेत शिरतो, वक्री होऊन कर्केत मागे येतो आणि पुन्हा सिंहेत जातो. हे मागे येणं साध्या डोळ्यांनी दिसतं. मघा हा ठळक तारा खूण म्हणून धरा आणि दर आठवड्याला वहीत गुरूची जागा काढा. 2027 च्या फेब्रुवारीतल्या दुसऱ्या आठवड्यात तो सूर्यास्ताला उगवेल आणि रात्रभर दिसेल. तेव्हा दुर्बीण लावा. त्या चार चंद्रांपैकी सर्वांत आतला आयो साडेबेचाळीस तासांत फेरी मारतो. संध्याकाळी आणि मध्यरात्री चित्र काढलंत तर त्याची सरकलेली जागा दिसेल.

पण एकट्याने बघू नका. शेजारच्या पोरांना बोलवा, आजीलाही वर आणा. ज्या ग्रहावर ती आयुष्यभर सिंहस्थ मोजत आली, तो तिला एकदा तरी दिसायला हवा.