मोठ्या यंत्रातला खेळ छोट्या यंत्रात

'स्ट्रीट फायटर २' चा विषय निघाला की आमचा एक मित्र हमखास म्हणतो, "पार्लरमधला खेळ तो खरा, घरचा म्हणजे नक्कल!" मला हे कधीच पटले नाही.

जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९१ मध्ये हा खेळ नाणे टाकून खेळायच्या यंत्रासाठी काढला. जून १९९२ मध्ये तो निन्टेन्डोच्या सुपर फॅमिकॉमवर आला. मधल्या काळात जे झाले त्याला मी भाषांतराइतकेच अवघड काम समजतो.

पार्लरच्या पडद्यावर रुंदीत ३८४ ठिपके, घरच्या यंत्रात २५६. म्हणजे लढवय्ये लहान करणे आले. आवाजाची अडचण त्याहून मोठी. घरच्या यंत्रात आवाजासाठी स्मृती अवघी ६४ किलोबाइट. संगीत, ठोशांचे आवाज, किंकाळ्या, सगळे त्यातच कोंबायचे! सबंध खेळ १६ मेगाबिटच्या, म्हणजे २ मेगाबाइटच्या कार्ट्रिजमध्ये बसवायचा होता. आज मोबाइलवरचा एक फोटोसुद्धा याहून मोठा असतो.

मग काटछाट झाली. सुरुवातीला रस्त्यावर दोघे मारामारी करतात ते दृश्य गेले. पिंपे फोडायची फेरी गेली, तिच्या जागी विटा फोडायची आली. पण ठोसा आणि लाथ यांचे हलकी, मध्यम, जोरकस असे तीन-तीन प्रकार शाबूत राहिले. हा खेळ त्या सहा बटणांवर उभा होता आणि निन्टेन्डोच्या कंट्रोलरवर नेमकी तेवढी बटणे होती. सेगाच्या यंत्राला तीनच, म्हणून १९९३ मध्ये त्यांना सहा बटणांचा वेगळा कंट्रोलर काढावा लागला.

आपल्याकडे जत्रेच्या मांडवात नाटक बसवताना शहरातला फिरता रंगमंच मिळत नाही. पडदे कमी करतात, एखादा प्रवेश गाळतात, पण संवादाची वेळ चुकू देत नाहीत. कॅपकॉमनेही तेच केले. चित्र उणे चालेल, हाताला सवय झालेली चाल चुकलेली चालणार नाही.

असो. मित्राला मी एवढेच सांगतो, की पार्लरमधल्या त्या पहिल्या खेळात दोघांना एकच लढवय्या घेता येत नसे. घरच्या आवृत्तीत कॅपकॉमचे नाव झळकत असताना खाली, आर, वर, एल, वाय, बी अशी बटणे दाबली, की हात लांबवणारा आपला भारतीय योगी धालसिम दोन्ही बाजूंना उभा!