काळी पडलेली अष्टपुत्री

काही वर्षांपूर्वी एम. ए.च्या एका विद्यार्थिनीने स्त्रियांच्या आत्मकथनांवरील निबंधाला पूरक म्हणून आपल्या घराण्यातील एक जुने छायाचित्र जोडले होते. मागे शाईने शके 1801, म्हणजे इ. स. 1879-80. खुर्चीवर वर, शेजारी उभी दहा-अकरा वर्षांची वधू, मान खाली, अंगावर गडद लुगडे. विद्यार्थिनीने लिहिले होते की वधू चंद्रकळा नेसली आहे, आणि मंगलप्रसंगी वर्ज्य मानलेला काळा रंग तिच्या अंगावर यावा हेच तिच्या भविष्याचे सूचन आहे. आम्ही दोघांनी तो निबंध वाचला आणि समासात ‘मार्मिक निरीक्षण’ असा शेरा दिला. तो शेरा चुकीचा होता, हे कळायला आम्हांला बराच काळ लागला. पुढील विवेचन हे त्या चुकीचे प्रायश्चित्त समजावे.

ते लुगडे काळे असण्याचे काही कारण नाही. ते बहुधा पिवळे होते. लग्नात नेसवतात ती अष्टपुत्री. आर्चरने 1851 मध्ये प्रसिद्ध केलेली ओल्या कलोडियनची काच काय, किंवा तिच्यामागून आलेली जिलेटिनची कोरडी काच काय, दोन्हींना निळा-जांभळा प्रकाश तेवढा दिसे. पिवळा आणि लाल त्यांच्या लेखी अंधारच. त्यामुळे हळदीचे पिवळे वस्त्र काळवंडे, कुंकू शाईच्या ठिपक्यासारखे उमटे आणि निळा शालू मात्र पांढुरका होई. हेर्मान फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1873 मध्ये काचेवरील लेपात रंगद्रव्य मिसळून तिला हिरवा-पिवळा दाखवण्याची युक्ती शोधली. पण तशा काचा बाजारात रुळल्या त्या पुढच्या दशकात. लाल रंग ओळखणाऱ्या काचा सहज मिळू लागल्या त्या 1906 नंतर. म्हणजे मराठी वधूचे जे दोन रंग, हळदीचा आणि कुंकवाचा, नेमके तेच त्या काळच्या छायाचित्रणाला दिसत नव्हते.

याच दोषाचा एक पोटदोष अधिक बोचरा आहे. सावळ्या त्वचेवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशात तांबूस भाग जास्त, निळा कमी. साहजिकच सावळी मुलगी काचेवर होती त्याहून काळी उमटे. मग चेहऱ्याला पावडर फासणे आले, आणि निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने बारीक रेघा ओढून चेहरा ‘उजळणे’ आले. ‘फोटोत गोरी दिसते’ या वाक्याची पाळेमुळे आपल्या वर्णाभिमानात आहेत, हे खरेच. पण त्या अभिमानाला रसायनानेही हात दिला, हे ध्यानात घ्यायला हवे.

आता प्रकाशाकडे वळू. विजेचे दिवे येण्यापूर्वी स्टुडिओ म्हणजे वरच्या मजल्यावरील काचेच्या छपराची खोली. छपराचा उतार उत्तरेकडे ठेवावा, म्हणजे थेट ऊन न येता दिवसभर सारखा, मऊ उजेड मिळतो, हा युरोपातला नियम. मुंबईत 1854 मध्येच छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली होती, आणि डॉ. नारायण दाजी हे तिच्यातले एक नामवंत भारतीय सभासद. नियम त्यांच्यापर्यंत पोचलाच असणार. परंतु मुंबईच्या अक्षांशावर मेच्या मध्याला सूर्य डोक्यावर येतो आणि नंतर दोन-अडीच महिने माध्यान्हीला उत्तरेकडेच असतो. ऐन वैशाख-ज्येष्ठाच्या लग्नसराईत उत्तरेची काच असा दगा देई! मग मलमलीचे पडदे सरकवून उन्हाची धार मोडावी लागे.

छपरातून येणाऱ्या उजेडाची दुसरी अडचण अशी की तो वरून पडतो. कपाळ आणि नाक उजळते, डोळ्यांच्या खोबणी अंधारात राहतात. यावर छायाचित्रकाराचा उपाय साधा: हनुवटी किंचित वर घ्या आणि सावलीच्या बाजूला पांढऱ्या कापडाचा पडदा धरा. पण नव्या नवरीने मान वर करायची कशी? त्यात डोक्यावरून पदर, कपाळाच्या दोन्ही बाजूंनी लोंबणाऱ्या मुंडावळ्या. प्रत्येक वस्तू आपली सावली घेऊन आलेली. शिवाय परका पुरुष समोर आणि उघडझाप कित्येक सेकंदांची. हैदराबादेत राजा दीनदयाळ यांनी 1892 मध्ये केवळ स्त्रियांसाठी स्टुडिओ उघडून तो एका युरोपीय बाईंच्या हाती सोपवला, तो या अडचणीवरचाच तोडगा. अर्थात तो परवडणाऱ्या घराण्यांपुरता.

आणि लग्न? ते तर पुष्कळदा गोरज मुहूर्तावर, म्हणजे उजेड संपताना. मांडवात त्या वेळी छायाचित्र निघणे अशक्यच. 1887 मध्ये जर्मनीत मॅग्नेशियमची झगमगती भुकटी आली, पण तिचा भपकारा, धूर आणि भाजण्याचे भय पाहता ती घरात आणायला कोण धजावणार? निर्धोक बल्ब 1930च्या सुमारास आला. तोवर वधूवरांना पुन्हा सजवून, दुपारच्या उजेडात स्टुडिओत नेत. तेव्हा ज्याला आपण ‘लग्नाचा फोटो’ म्हणून आत्मचरित्राच्या मुखपृष्ठावर छापतो, तो बहुधा लग्नाच्या दिवसाचा नसतोच.

हे सारे त्या विद्यार्थिनीला, ती आता स्वतः शिकवते, आम्ही मध्यंतरी सांगितले. लुगड्याचे तिने लगेच मान्य केले. नंतर थोडे थांबून म्हणाली, “सर, लुगडं पिवळं होतं, चेहऱ्यावरची सावली काचेच्या छपराची होती, हे पटलं. पण ती दहा वर्षांची होती, ते तर कुठल्या काचेनं केलेलं नाही ना?”

तिच्या निबंधातील तेवढा परिच्छेद आम्ही पुन्हा काढून वाचला. समासातला शेरा खोडला. गुण होते तेच ठेवले.