डबल सीट, मनाली ते लेह

मनाली ते लेह हा मूळचा सुमारे ४७५ किलोमीटरचा रस्ता सैन्याच्या गरजेपोटी बांधला गेला. सर्वसामान्य वाहनांसाठी तो १९८९ मध्ये खुला झाला. लडाखचे दरवाजे पर्यटकांसाठी त्याआधीच, १९७४ मध्ये उघडले होते. पण तेव्हा जमिनीवरून लेहला पोहोचायचे म्हणजे श्रीनगर, झोजिला, कारगिल हीच वाट होती. १९८९ नंतर काश्मीर खोरे अशांत झाले आणि दुचाकीस्वारांचा ओघ मनालीकडे वळला. मुंबई-पुण्याच्या स्वारांसाठी तर मनाली गाठणे हाच जवळजवळ दोन हजार किलोमीटरचा प्रवास. म्हणून अनेक जण आजही टाकी रिकामी करून, गाडी गोणपाटात बांधून रेल्वेच्या पार्सलने दिल्लीला किंवा चंडीगडला धाडतात आणि पुढे चढाईला लागतात.

या रस्त्यावर जोडीने जायचे, तर सुरुवातीच्या काळात गाडी ठरलेली होती: बुलेट. सीमेवरच्या गस्तीसाठी भारत सरकारने पन्नासच्या दशकात ३५० सीसीच्या ८०० बुलेट मागवल्या. १९५५ मध्ये मद्रासमध्ये त्यांची जुळणी सुरू झाली आणि काही वर्षांत सगळे भाग इथेच बनू लागले. दुसरा पर्याय म्हैसूरला बनणारी २५० सीसीची येझदी. ती चपळ, तिचे गिअर आणि किक एकाच दांड्यावर. पण पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागे आणि १९९६ मध्ये कारखानाच बंद पडला. बुलेटची ताकद फार नव्हती, जेमतेम १८ अश्वशक्ती. मात्र ती कमी वेगातही जोर टिकवायची, आणि रस्त्यातल्या कुठल्याही ट्रक मेकॅनिकला ती उघडता येत होती. दुर्गम भागात हा दुसरा गुण पहिल्यापेक्षा मोलाचा.

मागे बसणाऱ्याचा विचार भारतात कायद्यानेही केलेला आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार दुचाकीवर मागच्या व्यक्तीसाठी धरायला कडी, पाय ठेवायला आधार आणि मागचे चाक निम्मे तरी झाकणारी जाळी हवी. ही जाळी म्हणजेच साडी गार्ड. गावात एका बाजूला पाय सोडून बसण्याची सवय गृहीत धरून केलेली ती तरतूद. घाटात ती सवय चालत नाही. खड्ड्यांच्या चढावर दोन्ही बाजूंना पाय टाकूनच बसावे लागते. लांबच्या सफरीला निघणारे लोक जाळी काढून तिथे सामानाचे कॅरिअर बसवत.

अडचणींची सुरुवात बहुधा याच कॅरिअरपासून होई. दोन माणसे, कपडे, तंबू, अवजारे आणि पेट्रोलचा डबा, हे सगळे वजन मागच्या चाकावर. त्यामुळे पंक्चर मागेच व्हायचे आणि आरे ढिले पडायचे तेही मागचेच. स्कूटरला निदान स्टेपनी असे. मोटारसायकलला ती नसल्यामुळे अख्खे सामान उतरवून, चाक खोलून, पट्टीने टायर उचकटून ट्यूब बाहेर काढायची, आणि हे काम चार हजार मीटरच्या वर, जिथे हवा भरण्याचा हातपंप दहा वेळा दाबला तरी धाप लागते. क्लच केबल तुटणे ही तर इतकी ठरलेली गोष्ट की जाणते स्वार दुसरी केबल जुनीच्या शेजारीच आधीपासून ओवून ठेवत.

खरी कसोटी इंजिनाची. टांगलांग ला ही खिंड ५३२८ मीटरवर आहे. तिथे हवा इतकी विरळ की इंजिनाची ताकद सुमारे चाळीस टक्क्यांनी घटते. कार्ब्युरेटर मात्र खालच्याच हिशेबाने पेट्रोल सोडत राहतो. मिश्रण जाड होते, धूर काळा येतो, प्लगवर काजळी धरते आणि गाडी बंद पडते. पहाटेच्या थंडीत ती पुन्हा चालू करायची, तर बुलेटचा डिकॉम्प्रेशन दांडा ओढून, अँपिअर मीटरचा काटा पाहून किक मारावी लागे. चुकली तर किकचा उलटा तडाखा नडगीवर. गाटा लूप्सची २१ वळणे चढताना ओझ्याखाली क्लच प्लेट जळण्याचा वास येऊ लागला, की मागच्याने मुकाट्याने उतरून दोन वळणांमधली वाट पायी तुडवायची असा रिवाज होता. जोडप्यांच्या प्रवासवर्णनांत प्रेमाचे दाखले शोधणाऱ्यांना ही पायपीट अनेकदा दिसत नाही.

पेट्रोलचे गणितही कडक. वाटेतल्या तांडीच्या पंपावरची पाटी सांगायची की पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. टाकी काठोकाठ भरली तरी चढावर, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, ती पुरेल याची खात्री नसे. म्हणून डबा, आणि डबा गळून अंथरूण-पांघरुणाला पेट्रोलचा वास. ओढ्यांचा प्रकार वेगळा. बर्फ उन्हाने वितळते, त्यामुळे सकाळी घोटाभर असलेला नाला दुपारी गुडघ्यापर्यंत येतो. उशिरा निघालेल्यांची गाडी मधल्या गोट्यांवर घसरते, सायलेन्सरमधून पाणी शिरते आणि ओले बूट घालून पुढची खिंड चढावी लागते. पहाटे निघण्याचा नियम या रस्त्यावर सगळ्यात जुना आहे आणि सगळ्यात जास्त मोडलाही जातो.

२००० नंतर हे चित्र पालटले. बटण दाबून चालू होणारी इंजिने आली, डिस्क ब्रेक आले, मग कार्ब्युरेटरची जागा इंजेक्शनने घेतली. हवेच्या दाबानुसार पेट्रोल कमी-जास्त करण्याचे काम आता सेन्सर करतो. २०१६ मध्ये खास अशाच रस्त्यांसाठी ४११ सीसीची हिमालयन ही मोटारसायकल बाजारात आली. ३ ऑक्टोबर २०२० रोजी ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाला आणि रोहतांग खिंडीतला चिखल, तिथली वाहनांची रांग, दोन्ही टळले.

यंत्राची कटकट संपली तशी शरीराची वाढली. पूर्वी रोहतांग ओलांडण्यातच दिवस जाई, मुक्काम केलाँगला, म्हणजे सुमारे ३१०० मीटरवर पडे. त्यात गाडीने एखादा दिवस खाल्ला तर शरीराला विरळ हवेची सवय व्हायला आयती सवड मिळे. आता मनालीच्या दोन हजार मीटरवरून निघालेले जोडपे संध्याकाळी सरचूला, जवळजवळ ४३०० मीटरवर, तंबूत असते. डॉक्टरांचा ठोकताळा सांगतो की तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची जागा एका रात्रीत पाचशे मीटरहून जास्त चढवू नये. तो इथे साफ मोडतो. डोके ठणकणे, मळमळ, झोप न लागणे इथपर्यंत निभावते. फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी झाले तर तातडीने खाली उतरणे हाच मुख्य उपाय. सरचूची अडचण अशी की मागे बारालाचा (४८९० मीटर) आणि पुढे लाचुलुंग, दोन्ही खिंडीच. खाली जायचे तरी आधी वर चढावे लागते.

इथे मात्र दोघे असण्याचा उपयोग होतो. मेंदूला सूज आलेल्या माणसाला आपण भलतेच बोलतोय हे कळत नाही, जोडीदाराला कळते. तोल जाणे, सरळ रेषेत चालता न येणे ही लक्षणे दुसऱ्यानेच ओळखायची असतात. मागे बसलेल्याला हालचाल नसते, थंडी आधी त्यालाच गाठते. त्याचे बोलणे थांबले तर गाडी थांबवून पाहावे.

दुरुस्तीच्या पेटीला आज पूर्वीइतके महत्त्व उरलेले नाही. हाताशी दिवस किती आहेत याला आहे. श्रीनगरचा रस्ता झोजिलाच्या ३५२८ मीटरपासून फोतू लाच्या ४१०८ मीटरपर्यंत टप्प्याटप्प्याने चढतो, आणि मधले मुक्काम कमी उंचीवर पडतात. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्या जोडीने श्रीनगरकडून चढावे, लेहला दोन दिवस थांबावे आणि मनालीकडे उतरावे.