आधी रस्ता, मग तार, मग टॉवर

३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ दुपारी रायगडच्या किनाऱ्याला धडकलं आणि घाट चढून आमच्या जुन्नर-आंबेगावातही घुसलं. लॉकडाऊनचे दिवस होते. चक्रीवादळ म्हणजे कोकणाची गोष्ट, असंच आम्ही समजत होतो.

खांब आडवे झाले, झाडं रस्त्यावर पडली, पॉलीहाऊसचे सांगाडे वाकले. हे सगळं फोटोत आलं. फोटोत न येणारी गोष्ट सांगतो.

लाईट गेली. टॉवरची बॅटरी काही तास टिकली, मग रेंज गेली. आता कुठला खांब पडलाय हे वायरमनला कळवायचं कसं? टॉवरला डिझेल न्यावं तर रस्त्यात झाड. थ्री फेज नाही म्हणून नळपाण्याची मोटर बंद, टाकी कोरडी. गिरणी बंद, म्हणजे घरात ज्वारी असून भाकरी नाही. वीज यायला फोन हवा, फोन लागायला वीज हवी आणि दोन्हींसाठी रस्ता हवा. गाठ अशी बसली होती.

ती सुटली कोयत्या-करवतीनं. पोरांनी आधी रस्ता मोकळा केला. मग एकजण पडलेल्या खांबांची यादी कागदावर लिहून मोटरसायकलवरून सबस्टेशनला गेला. कुठल्याही ॲपपेक्षा ती चिठ्ठी कामी आली.

हे नवीन नाही. ३० जुलै २०१४ ला आंबेगावातलं माळीण डोंगराखाली गेलं. सरकारी आकडा १५१ मृत्यूंचा. ही बातमी बाहेर पोचवली कोणी? नेहमीच्या फेरीला आलेल्या एसटीच्या चालकानं. त्याला गावच जागेवर दिसेना. ती गाडी त्या रस्त्यानं गेलीच नसती तर? पुढे पाऊस आणि चिखलाचा अरुंद रस्ता यांनी यंत्रं पोचायलाही वेळ लावला.

शिवनेरीवर गंगा-जमुना टाक्यांत आजही पाणी आहे. त्याला ना फीडर लागतो ना मोटर. म्हणून मागे जा असं मी म्हणत नाही. नळ आला, बायकांच्या डोक्यावरचा हंडा उतरला, हे चांगलंच झालं. पण आपण एक सोय दुसरीवर टेकवत गेलो आणि कोण कोणावर टेकलंय हे कुठेच लिहून ठेवलं नाही. वीजवाल्यांची यादी वेगळी, पाणीवाल्यांची वेगळी, रस्तेवाल्यांची वेगळी.

माझी मागणी साधी आहे. मे महिन्यात प्रत्येक ग्रामपंचायतीनं एक कागद करावा. पाण्याची मोटर कुठल्या डीपीवर, डीपी कुठल्या फीडरवर, टॉवरला डिझेल कुठून येणार, कुठला रस्ता आधी मोकळा करायचा, करवत कोणाच्या घरी आहे. तो कागद मोबाईलमध्ये नको, भिंतीवर लावा.

तुमच्या गावची टाकी कुठल्या डीपीवर चालते? माहीत असेल तर खाली लिहा. नसेल तर उद्या विचारून या.