वाईट स्वप्ने, जुना मानसिक आघात आणि परीक्षा

पेपरला उशीर झाला, हॉल तिकीट सापडत नाही, वाचलेले काहीच आठवत नाही, अशी स्वप्ने चांगला अभ्यास झालेल्या मुलांनाही पडतात. ती निकालाचे भाकीत नसतात. परीक्षा संपली की बहुधा थांबतात.

मात्र तुमच्या मुलाने अपघात, जवळच्या व्यक्तीचा मृत्यू, मारहाण किंवा लैंगिक अत्याचार अनुभवला असेल आणि तोच प्रसंग त्याला वारंवार स्वप्नात दिसत असेल, तर दुर्लक्ष करू नका.

गुण का कमी होतात?

दिवसा वाचलेले मेंदू झोपेत पक्के करतो. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप आवश्यक असते. भीतिदायक स्वप्ने बहुतेक वेळा उत्तररात्री पडतात. जाग आली की पुन्हा झोपायची भीती वाटते आणि झोप अपुरी राहते.

शिवाय आघातानंतर मेंदू सतत सावध राहतो. दार आपटले तरी मूल दचकते. पुस्तक समोर असूनही मन त्या प्रसंगाकडे जाते. येथे बुद्धी कमी पडत नाही, लक्ष टिकत नाही. त्यामुळे 'आळशी झालास' म्हणून रागावल्याने त्रास वाढतो.

घरी काय कराल?

- झोपण्या-उठण्याची वेळ ठरलेली ठेवा. परीक्षेच्या आदल्या रात्री जागरण टाळा.
- संध्याकाळनंतर चहा-कॉफी देऊ नका.
- स्वप्नातून जागे झाल्यास जवळ बसा, धीर द्या. प्रसंग सांगण्याचा आग्रह धरू नका.

डॉक्टरांकडे कधी जावे?

स्वप्ने, दचकणे, त्या प्रसंगाशी संबंधित जागा किंवा माणसे टाळणे हे महिन्याहून अधिक काळ चालू असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. आघातानंतरचा ताणविकार (पीटीएसडी) आहे का, हे ते तपासतात. समुपदेशनाने यात चांगला फरक पडू शकतो. एका पद्धतीत मूल जागेपणी स्वप्नाचा शेवट बदलून लिहिते आणि तो नवा शेवट रोज काही मिनिटे मनात घोळवते. झोपेच्या गोळ्या स्वतःहून देऊ नका.

मूल जीव देण्याविषयी बोलत असेल, तर त्याला एकटे सोडू नका आणि लगेच रुग्णालयात न्या. 'टेलि-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर २४ तास मोफत सल्ला मिळतो.