न्हाणी, टब आणि घसारा



मागच्या खेपेला जात्या-पाट्यावर लिहिलं, तेव्हा बऱ्याच जणांनी "काका, आता न्हाणीवर लिहा" म्हणून सांगितलं. लिहितो. पण आमच्या घरच्या न्हाणीचा इतिहास लिहायचा तर शेवटी माझी एक चूकही लिहावी लागणार. ती टाळून लिहिलं तर ताळेबंद जुळणार नाही.

आमचं गाव पिरनवाडी. बेळगावहून खानापूरच्या वाटेला लागलं, टिळकवाडी सरली, उद्यमबागेतले कारखाने मागं पडले की आमचं गाव. माझा जन्म १९५० चा, म्हणजे मुंबई राज्यातला. १ नोव्हेंबर १९५६ ला आम्ही म्हैसूर राज्यात गेलो. घर तिथंच, विहीर तिथंच, न्हाणीही तिथंच. आम्ही तिला न्हाणी म्हणायचो, शेजारच्या कन्नड घरात बच्चल म्हणायचे. दोन्हीकडची चूल, हंडा आणि धूर मात्र सारखाच.

ही न्हाणी घराच्या मागल्या अंगाला होती. भिंती जांभ्या दगडाच्या. एका कोपऱ्यात चुलवण, त्यावर तांब्याचा हंडा मातीनं पक्का बसवलेला. दुसऱ्या कोपऱ्यात दगडी डोण, गार पाण्याची. मधे काळ्या दगडाच्या दोन मोठ्या फरश्या आणि त्यावर बसायला पाट. सांडलेलं पाणी भिंतीतल्या भोकातून मागच्या अळवाला आणि केळीला जायचं. विहिरीचं पाणी आई आणि काकू शेंदून आणायच्या, म्हणून प्रत्येकाला पाणी मोजून. उन्हाळ्यात आम्हा लहान पोरांना कधीकधी डोणीत बसवून आंघोळ घालायचे. माझ्या आयुष्यातला पहिला टब तो.

आता मुद्द्याचं सांगतो. बेळगावचा पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे. जूनला सुरू झाला की चार महिने भिंती वाळत नाहीत आणि न्हाणीत शेवाळ धरतं. आजीचा नियम होता, दर शनिवारी फरशी नारळाच्या काथ्यानं आणि चुलीतल्या राखेनं घासायची. पण घासून घासून आणि पायांनी झिजून दगडही गुळगुळीत होतो. त्यासाठी दोन-तीन वर्षांतून एकदा उपाय व्हायचा. जात्याला टाकी लावणारे छिन्नी-हातोडा घेऊन गावात आले की जातं आणि पाटा झाल्यावर आजी त्यांना न्हाणीत न्यायची. जिथं पाय पडतात तेवढ्या जागेवर टाकी मारून घ्यायची. आम्ही विचारलं तर म्हणायची, "दगडानं पाय धरला पाहिजे रे. चकचकीत दगड काय कामाचा?"

दिवाळीच्या आदल्या दिवशी न्हाणीचा खरा थाट. हंडा चिंचेनं घासून लखलखीत करायचा, त्याला हळद-कुंकू लावायचं, पाणी भरून ठेवायचं. पहाटे तेल-उटणं लावून अभ्यंगस्नान. तांबं घासावं तेवढं उजळतं आणि दगड घासावा तेवढा स्वच्छ होतो, हा धडा तिथं माझ्या डोक्यात पक्का बसला. पुढं तोच मला नडला.

आपल्याकडं आंघोळ म्हणजे अंगावर पाणी ओतून घेणं. साचलेल्या पाण्यात बसून अंगाचा मळ काढणं आपल्या लोकांना रुचत नसे. आपल्या देशात पाण्यात उतरून न्हाणं नव्हतं असं नाही. मोहेंजोदडोचं महास्नानगृह सुमारे १२ मीटर लांब आणि ७ मीटर रुंद आहे, विटांचं, आणि पाणी झिरपू नये म्हणून त्याला डांबराचा थर दिलेला. पण तो कुंड झाला. घरात एका माणसापुरता टब ही साहेबाची गोष्ट. १८१८ साली बेळगावचा किल्ला इंग्रजांकडं गेला आणि पुढं कॅम्प वसला. त्या काळी हिंदुस्थानातल्या साहेबाच्या बंगल्यात नळ नसायचा. झोपायच्या खोलीला लागून न्हाणीघर, त्यात जस्ताचा किंवा पत्र्याचा टब, आणि पाणी आणायला भिस्ती. टब साहेबाचा, पाणी वाहायचं आपल्या माणसानं.

पाण्याची किंमत सगळ्यांनाच होती. १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा टिळकवाडीत पाण्यासाठी विहीर खणावी लागली. तीच ही काँग्रेस विहीर. तिच्यावरून जाताना मला नेहमी वाटतं, आधी पाणी, मग बाकी सगळं.

तिकडं अमेरिकेत १८८३ साली कोहलर नावाच्या कारखानदारानं जनावरांच्या ओतीव लोखंडी डोणीवर काचेसारखा एनॅमलचा लेप भाजून बसवला आणि तिचा टब केला, असं त्या कंपनीचा इतिहास सांगतो. म्हणजे त्यांचाही टब डोणीतूनच निघाला! एनॅमल कडक, पण बीड जड. एक टब उचलायला चार माणसं. उद्यमबागेत फाउंड्रीत काम केलेल्यांना वजन सांगायला नको.

मी बी. कॉम. होऊन बँकेत लागलो आणि बदल्या सुरू झाल्या. प्रत्येक गावी भाड्याचं घर आणि त्याची न्हाणी वेगळी. निपाणीत शहाबादी फरशीची मोरी होती, जरा खडबडीत, पायाला बरी. पुढं मोझॅक आलं, मग चकचकीत टाइल्स. बंबाच्या जागी गीझर आला. 'न्हाणी' हा शब्द गेला, 'बाथरूम' आला. आणि फरशीनं पाय धरायचं सोडलं, हे आमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही.

निवृत्त होऊन गावी परतलो, जुन्या जागेवर घर बांधलं. सौ.ना तोवर गुडघ्यांचा आणि कंबरेचा त्रास सुरू झाला होता. कोमट पाण्यात बसलं की बरं वाटतं म्हणाल्या, म्हणून २०११ साली फायबरग्लासचा टब बसवला. साडेपाच फुटी, पांढरा, आणि तळाला बारीक दाणेदार नक्षी, पाय घसरू नये म्हणून. तो बघून मला आजीची टाकीच आठवली. साहेबाचा टब आणि आजीची टाकी एकत्र आली, म्हणून मी सगळ्यांना कौतुकानं दाखवत होतो.

हे फायबरग्लास काय असतं ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. काचेचे केसासारखे बारीक तंतू मोठ्या प्रमाणावर काढायची रीत अमेरिकेत १९३० च्या दशकात बसली. १९३८ साली त्यासाठी ओवेन्स-कॉर्निंग ही कंपनी निघाली. हे तंतू पॉलिएस्टर रेझिनमध्ये भिजवून थर दिले की हलका आणि मजबूत माल तयार होतो. १९५३ साली शेव्हर्लेनं कॉर्व्हेट गाडीची बॉडी यातूनच केली. होड्या झाल्या, टब झाले.

टब करायची रीत मात्र उलटी असते. आधी साचा. साच्यावर पहिला थर जेलकोटचा, म्हणजे रंगीत रेझिनचा, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. मग त्यामागं तंतूंचे थर. साचा काढला की पहिला थर वर येतो. आपण ज्याच्यावर बसतो, उभे राहतो, तो एवढाच. तळाची दाणेदार नक्षीही साच्यातूनच उमटलेली. म्हणजे टबाला कातडी असते आणि ती एकदाच मिळते. दगड झिजला तर टाकी मारता येते. टबाला टाकी मारता येत नाही.

आमचं बोअरचं पाणी जड. जड पाण्यातल्या क्षारांशी साबणाचा संयोग झाला की पाण्यात न विरघळणारी पांढुरकी साय तयार होते. ती नेमकी दाण्यांच्या मधल्या खाचांत बसते. त्यावर आमच्या तांबड्या मातीची धूळ. दोन वर्षांत टबाचा तळ मळकट दिसायला लागला. सौ. मऊ ब्रशनं, भांड्याच्या साबणानं घासायच्या, पण खाचा काळ्याच. मी म्हटलं, "असं गोंजारून कुठं मळ निघतो का?"

मी घेतली भांडी घासायची पावडर आणि तारेची घासणी. आजीच्या काथ्याची आठवण ठेवून जोर लावला. टब पांढरा झाला! महिन्यात पुन्हा मळला. पुन्हा घासला. मग मळ आणखी लवकर धरू लागला. एकदा तर संडासात टाकायचं ॲसिड ओतलं. सौ. म्हणाल्या, "अहो, तो दगड नव्हे. राहू द्या की." मी ऐकलं नाही. उलट त्यांनाच म्हणालो, तुम्हाला स्वच्छता जमत नाही.

प्रत्येक घासणीला मी जेलकोटची चकाकी काढत होतो, त्याला बारीक ओरखडे पाडत होतो. ओरखड्यात मळ जास्त बसतो, म्हणून आणखी घासायचं. आणि घासणी आधी उंच भागाला लागते, म्हणजे दाणे झिजत चालले होते. मळ खाचांत तसाच, आणि पाय धरणारे दाणे गायब.

२०१६ च्या श्रावणात एका सकाळी सौ. टबातून उठताना घसरल्या. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर. दवाखान्यात त्यांनी एवढंच सांगितलं, "पाय सटकला." माझं नाव घेतलं नाही. पण टबाचा तळ मी हातानं चाचपून बघितला होता. जिथं दाणे होते तिथं साबण लावलेल्या ताटलीसारखं लागत होतं.

आयुष्यभर बँकेत कर्जदारांच्या ताळेबंदात घसारा बघितला. मशीन दरवर्षी किती झिजलं ते लिहून ठेवायचं, म्हणजे ते कधी बदलायचं ते कळतं. हा शब्द ज्या घासण्यातून आला, ते घासणं मी माझ्याच घरात तीन वर्षं करत होतो आणि कुठल्याच वहीत लिहिलं नव्हतं.

फायबरचं काम करणारा एक तरुण बघायला आला. त्यानं तळाला नवा थर दिला आणि त्यात बारीक कण मिसळून खरखरीतपणा आणला. जाताना शिकवून गेला. तेव्हापासून टब मी साफ करतो, सौ. नाही. तुमच्यापैकी कुणाकडं असा टब असेल तर माझी रीत लिहितो.

आंघोळ झाली की लगेच साध्या पाण्यानं धुवून फडक्यानं पुसायचा. साबणाची साय बसूच द्यायची नाही, निम्मं काम तिथंच होतं. आठवड्यातून एकदा तळाला कोमट पाण्यात भांड्याचा पातळ साबण घालून पंधरा मिनिटं भिजू द्यायचं. मग नायलॉनचा मऊ ब्रश गोल गोल फिरवायचा, म्हणजे खाचांत सगळ्या बाजूंनी शिरतो. जोर लावायचा नाही, वेळ द्यायचा. तरी पांढरा थर राहिला तर खाण्याच्या सोड्याची पातळ पेस्ट, किंवा निम्मं व्हिनेगर निम्मं पाणी लावून थोड्या वेळानं भरपूर पाण्यानं धुवायचं. व्हिनेगर किंवा ॲसिड ब्लीचिंगबरोबर कधीही मिसळायचं नाही, विषारी वायू होतो. पावडर, तारेची घासणी, ॲसिड, थिनर टबाजवळ आणायचं नाही. उकळतं पाणी थेट ओतायचं नाही, आधी गार पाणी घ्यायचं. मेण-पॉलिश लावायचं तर फक्त बाजूंना, तळाला चुकूनही नाही. चोषकाची रबरी चटई दाणेदार तळावर नीट चिकटत नाही, तिच्यावर विसंबू नका. त्यापेक्षा भिंतीत पक्का दांडा बसवा. आम्ही दोन बसवले.

सौ.चं मनगट आता बरं आहे, पण पावसाळ्यात दुखतं. पोळ्या लाटताना मधेच हात थांबतो. मी त्यांची माफी मागितली होती, दवाखान्यातून आल्यावर आठवड्यानं. त्या म्हणाल्या, "आता टब तुम्हीच बघा," आणि विषय संपवला.

जुनी न्हाणी आता नाही. घर पाडताना त्या काळ्या फरश्या निघाल्या, त्यातली एक मी ठेवली. मागच्या दारात पायरी म्हणून बसवली आहे. तिच्यावर अजून आजीच्या वेळच्या टाकीच्या खुणा आहेत. पावसात आम्ही दोघं तिच्यावर पाय ठेवूनच आत येतो. पाय सटकत नाही.

तुमच्या घरच्या न्हाणीत काय होतं? बंब, घंगाळ, डोण? आणि टाकी मारलेला दगड कुणाकडं उरलाय का? जरूर लिहा. वाचायला आम्ही दोघंही आहोत.